तारेवरची नव्हे, पट्ट्यावरची कसरत: मुंबईत स्लॅकलाइन कशी सुरू करावी?

केतकी_गोरेगाव | ४ जानेवारी, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही गोव्याला हरमलला गेलो होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर दोन माडांच्या मधे कोणीतरी एक पट्टा ताणून बांधला होता आणि पोरं अनवाणी त्यावरून चालत होती. माझा मुलगा (नववीत आहे) तासभर तिथून हलला नाही. त्या मुलांनी त्याला चढू दिलं, मग मलाही. मी एक पाय ठेवला, दुसरा उचलला, आणि पट्टा पायाखाली असा काही थरथरायला लागला की दोन सेकंदांत मी वाळूत. पण त्या दोन सेकंदांत डोक्यात दुसरं काही म्हणजे काहीच नव्हतं. ऑफिस नाही, उद्याचा डबा नाही, ७.४२ची लोकल नाही. तेव्हापासून ते मनातून जात नाही.

याला स्लॅकलाइन म्हणतात एवढं आता कळलं आहे. मला आणि मुलाला, दोघांनाही शिकायचंय. माझं वय ४२, खेळाचा अनुभव म्हणजे शाळेतला खो-खो. कोणता पट्टा घ्यावा? मुंबईत दोन झाडं आणि मधे मऊ जमीन अशी जागा शोधायची कुठे? या वयात सुरुवात करणं ठीक आहे ना? कोणी केलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा, मला सगळं वाचायचंय.

---

माजघर | ४ जानेवारी, रात्री १०.४१

छान विषय. वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

कातळवेडा | ४ जानेवारी, रात्री ११.५५

केतकीताई, स्वागत. मी गेली नऊ-दहा वर्षं मुंब्र्याच्या कातळांवर चढाई करतोय, स्लॅकलाइनही त्याच वाटेने माझ्याकडे आली. हा खेळच मुळात गिर्यारोहकांचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत योसेमिटीच्या खोऱ्यात चढाई करणारी मंडळी फावल्या वेळात साखळ्यांवर, दोरांवर तोल सांभाळत चालायची. अ‍ॅडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोघांनी चढाईसाठी वापरतात तो चपटा नायलॉनचा पट्टा ताणला आणि त्यावर चालायला लागले. तिथून हे पसरलं.

आता तुमच्या थरथरीबद्दल. ती सगळ्यांनाच लागते. पाय जरा हलला की पट्टा हलतो, तो सावरायला पाय उलटा जोर लावतो, तो जोर जरुरीपेक्षा जास्त असतो आणि उशिरा पोचतो, की पट्टा पुन्हा उलट हलतो. शिवणयंत्राच्या सुईसारखा पाय चालू होतो. घाबरू नका, तीन-चार वेळा सराव झाला की ही थरथर आपोआप उतरते. ती जोर लावून थांबवायला गेलं की वाढते.

पहिले चार दिवस चालायचंच नाही. नुसतं उभं राहायचं. झाडापासून दीडेक मीटरवर उभं राहा, तिथे पट्टा कमी झुलतो. अनवाणी. पाऊल पट्ट्याच्या रेषेत सरळ: पट्टा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या खालून निघून टाचेच्या मधोमध जायला हवा. गुडघा वाकवा, सगळा भार त्याच पायावर घ्या आणि एका दमात उठा. जमिनीवरच्या पायाने उडी मारून चढू नका, नव्वद टक्के लोक तिथेच पडतात. हात खांद्यांच्या वर, कोपरं सैल. मोकळा पाय बाजूला लोंबू द्या, तोही तोल सांभाळतो. नजर पायांकडे अजिबात नाही. समोरच्या झाडाला पट्टा जिथे बांधलाय त्या जागेवर. तोल गेला की मुकाट्याने उतरा. पडायच्या आधी उतरणं ही पहिली शिकायची गोष्ट.

डाव्या पायावर पाच श्वास, उजव्यावर पाच श्वास. दोन्हीकडे दहा-दहा सेकंद जमायला लागले की पहिलं पाऊल टाका.

पट्टा घेताना १५ मीटरचा, ५० मिलिमीटर रुंदीचा, रॅचेट (दांडा पुढे-मागे करून पट्टा आवळायचं लोखंडी यंत्र) असलेला तयार संच घ्या. बांधताना मात्र पूर्ण लांबी ताणू नका, सहा ते आठ मीटर पुरे. उंची गुडघ्याएवढी. एकच कसोटी: मधोमध बसलात तर पट्टा जमिनीला टेकता कामा नये.

---

दादरकर_आजोबा | ५ जानेवारी, सकाळी ६.३०

हे वाचून मला आमच्या लहानपणचे डोंबारी आठवले. चाळीच्या अंगणात दोन बाजूंना बांबूच्या कैच्या उभ्या करायचे, मधे दोर. बाप ढोलकी वाजवायचा आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी हातात लांब काठी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मग डोक्यावर कळशा घेऊन. मग पायाखाली पितळी थाळी घेऊन सरकत. आम्ही वरच्या गॅलरीतून पाच-दहा पैसे टाकायचो. ती मुलगी खाली उतरली की तिच्या पायांच्या बोटांत दोराचे वळ दिसायचे, ते मला आजही दिसतात.

ज्या कलेला आपण 'डोंबाऱ्याचा खेळ' म्हणून हिणवलं, तीच आता परदेशातून फिरून आली की आपण पैसे मोजून शिकतो. केतकीताई, तुम्ही जरूर शिका, हे तुम्हाला उद्देशून नाही. पण त्या मुलींना कोणी खेळाडू म्हटलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

---

सईबाई | ५ जानेवारी, सकाळी ९.०५

आजोबा, अगदी मनातलं लिहिलंत. बोटांतले वळ वाचून गलबललं.

---

कातळवेडा | ५ जानेवारी, सकाळी ९.४०

आजोबा, पूर्ण सहमत. मी नवख्यांना पहिल्या दिवशी डोंबाऱ्यांचं उदाहरण आवर्जून देतो. दोन्हीत एक फरक मात्र आहे. त्यांचा दोर घट्ट ताणलेला असतो आणि हातात काठी असते. लांब काठीमुळे शरीर एका बाजूला कलंडायला वेळ लागतो, तेवढ्यात सावरता येतं. स्लॅकलाइनचा पट्टा लवचीक, तो आपल्याबरोबर खाली-वर आणि डावी-उजवीकडे जातो, आणि काठी नसते. सगळं हातांनी आणि कमरेने करायचं. म्हणून डोंबाऱ्याच्या दोरावर चालणाऱ्यालाही हा पट्टा नव्याने शिकावा लागेल, आणि आम्हाला तो दोर.

---

चाळकरी_गिरगाव | ५ जानेवारी, दुपारी १.१५

एक व्यवहारी प्रश्न. तयार संच महाग पडतात. नागदेवी स्ट्रीटला ट्रकवर माल आवळायचे रॅचेटवाले पट्टे मिळतात, तसेच दिसतात, ५० मिलिमीटरचेच असतात. ते चालतील का? पट्ट्यावर 'ब्रेकिंग लोड ५ टन' लिहिलेलं असतं. आपण काही ५ टनांचे नाही.

---

ओळंबा | ५ जानेवारी, दुपारी २.५०

मी स्थापत्य अभियंता आहे, स्लॅकलाइन कधी केलेली नाही. पण या प्रश्नात माझा विषय आला म्हणून लिहितो.

आपलं वजन ६० किलो म्हणजे झाडावर ६० किलोचा ओढा, असं नसतं. आडव्या पट्ट्याच्या मधोमध माणूस उभा राहिला की ताण काढायचा हिशोब असा: वजन गुणिले लांबी, भागिले झोळाच्या चौपट. ६० किलोचा माणूस, ८ मीटरचा पट्टा, तो उभा राहिल्यावर मधे २५ सेंटिमीटर झोळ पडला, तर ताण ४८० किलो. दोन्ही बाजूंच्या झाडांना प्रत्येकी एवढा ओढा बसतो. हाच झोळ ५० सेंटिमीटर होऊ दिला तर ताण निम्मा, २४० किलो. आणि हे स्थिर उभं असताना. उडी मारली, धडपडून बसलं की क्षणभर याहून बराच जास्त.

म्हणून पट्टा जितका घट्ट, तितका जास्त सुरक्षित हा समज चुकीचा आहे. आणि म्हणूनच बाल्कनीचं रेलिंग, गच्चीचा कठडा, विजेचा खांब, बागेतल्या व्यायामाच्या लोखंडी दांड्या, यांना पट्टा बांधू नका. गच्चीचा कठडा म्हणजे चार किंवा नऊ इंची विटांची भिंत, ती आडव्या ओढ्यासाठी बांधलेलीच नसते.

---

कातळवेडा | ५ जानेवारी, संध्याकाळी ७.२०

ओळंबासाहेब, सलाम. हा हिशोब मी लोकांना हातवारे करून सांगायचो, आता थेट हा प्रतिसाद दाखवेन.

चाळकरी, ट्रकचा पट्टा घेऊ नका. ५ टनांचा आकडा खोटा असेल असं नाही. पण त्या पट्ट्यांना टोकाला लोखंडी हूक असतात, ते झाडाला नीट बसत नाहीत, आणि ताण असताना एखादा निसटला तर गोफणीतून सुटल्यासारखा येतो. शिवाय तो पट्टा जाड, ताठ आणि कडेला करकरीत असतो, अनवाणी पायाला सोलून काढतो. पैसे वाचवायचे तर दोघा-तिघांत मिळून एक संच घ्या. एका वेळी पट्ट्यावर एकच माणूस असतो, बाकीचे बघतच असतात.

---

वाऱ्यावर | ६ जानेवारी, सकाळी ११.१०

मी माझं सांगते, म्हणजे कोणाचं तरी मनगट वाचेल.

तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) अंगणात हौस म्हणून स्लॅकलाइन बांधलेली होती. खाली शहाबादी फरशी. पट्टा कमरेएवढा उंच, कारण फोटो छान यावेत. मी दोनदा नीट उतरले, तिसऱ्यांदा मागे गेले. मागे पडताना माणूस काय करतो? हात टेकतो. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. चपाती लाटता येत नव्हती, सही करता येत नव्हती, मुलीची वेणी नवऱ्याने घातली.

उंची गुडघ्यापेक्षा जास्त नको आणि खाली माती, गवत किंवा वाळू हवी. यावर तडजोड करू नका. जमिनीत दगड, वीट, झाडाचं मूळ वर आलेलं आहे का ते आधी पायाने चाचपून बघा. आणि मी पुन्हा सुरू केलं आहे हेही सांगते, म्हणजे केतकीताई घाबरून सोडणार नाहीत.

---

फिजिओ_सुलेखा | ६ जानेवारी, रात्री ९.३०

वाऱ्यावर, तुमचं उदाहरण मी माझ्या पेशंटना सांगणार आहे. नाव न घेता.

केतकी, ४२ हे वय मुळीच आड येत नाही. पण काही प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या काही महिन्यांत घोटा मुरगळला होता का, आणि तो पूर्ण बरा झालाय का? चक्कर येण्याचा त्रास? हाडं ठिसूळ झाल्याचं कोणी सांगितलंय? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी करू नये.

कातळवेडांनी थरथरीचं वर्णन अचूक केलंय. त्यामागे मज्जारज्जूतली एक प्रतिक्षिप्त क्रिया असते: स्नायू ताणला गेला की तो लगेच आखडतो, मेंदूला न विचारता. एरवी ही आपल्या फायद्याची असते, पट्ट्यावर मात्र ती आड येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्लॅकलाइनचा सराव केल्यावर या क्रियेचा जोर कमी झालेला आढळला. म्हणजे शरीर ती थरथर आवरायला खरोखर शिकतं.

सुरुवातीला वीस मिनिटं, दिवसाआड. पोटऱ्या आणि पायाच्या तळव्यातले बारीक स्नायू दुसऱ्या दिवशी भरून येतील, ते ठीक आहे. घोट्यात किंवा गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं तर थांबा. आणि पट्टा येईपर्यंत घरी दात घासताना एका पायावर उभं राहा. दोन मिनिटं, पाय बदलून. जमलं की डोळे मिटून, बेसिनला एक हात जवळ ठेवून.

---

विरार_फास्ट | ६ जानेवारी, रात्री ९.५२

आम्ही रोज दीड तास दोन बोटांवर उभे राहून, कशालाही न धरता, एका हातात डबा आणि दुसऱ्यात पेपर घेऊन प्रवास करतो. आम्हाला थेट दुसऱ्या इयत्तेत प्रवेश मिळावा.

---

फिजिओ_सुलेखा | ६ जानेवारी, रात्री १०.१०

विरार_फास्ट, हाहा! पण तिथे चारी बाजूंनी माणसं धरून ठेवतात ना तुम्हाला.

यावरून एक प्रामाणिकपणे सांगते. स्लॅकलाइन केली की आयुष्यभर तोल सुधारतो, पडणं टळतं, असं बरंच ऐकू येतं. अभ्यासांत दिसतं ते एवढंच की स्लॅकलाइनच्या सरावाने मुख्यतः स्लॅकलाइनवरचाच तोल सुधारतो, बाकी ठिकाणी फायदा थोडाच होतो. ज्येष्ठांनी पडू नये म्हणून हे करावं, असं मी म्हणणार नाही. आनंदासाठी करा.

---

पानगळ | ७ जानेवारी, सकाळी ७.१५

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. झाडांच्या बाजूने चार शब्द.

सालीच्या लगेच खाली एक पातळ जिवंत थर असतो, खोडाची जाडी तोच वाढवतो, आणि अन्न खाली नेणाऱ्या नळ्याही सालीतच असतात. अरुंद पट्टा शेकडो किलोंनी आवळला आणि हलत राहिला की हा भाग चेचला जातो. वरून काही दिसत नाही. म्हणून पट्टा थेट सालीवर कधीही नको. गोणपाटाची दुहेरी-तिहेरी घडी किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा, खोडाभोवती पूर्ण फिरेल एवढा. खोडाचा व्यास निदान ३० सेंटिमीटर हवा. सराव झाला की पट्टा सोडायचाच, रात्रभर ठेवायचा नाही.

झाड निवडताना: आंबा, जांभूळ, चिंच उत्तम. गुलमोहर टाळा, मुळं उथळ असतात, दर पावसाळ्यात मुंबईत किती उन्मळतात ते आपण बघतोच. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आलेलं कुठलंही झाड टाळा. आणि केतकी, हरमलला माडांना बांधलं होतं म्हणालात. माडाच्या खोडाला झालेली जखम कधीच भरून येत नाही, कारण आंब्यासारखी त्याच्या खोडात नवी वाढ होत नाही. शिवाय वरून नारळ पडतो तो वेगळाच.

कायद्याचंही लक्षात असू द्या. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' मधे झाड तोडणे या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. पालिकेच्या बागेत रखवालदार हटकतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो.

---

एकपदरी | ७ जानेवारी, सकाळी १०.००

५० मिलिमीटरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. रुंद पट्ट्यावर पाऊल पूर्ण मावतं म्हणून नवख्याला बरं वाटतं, पण पाऊल जरा कडेला पडलं की पट्टा तिरका होतो आणि घोटा वळतो. २५ मिलिमीटरचा पट्टा पायाच्या मधोमधच बसतो, दुसरा पर्यायच नसतो. त्यावर पहिल्यापासून योग्य सवय लागते. मी ५० वर सहा महिने घालवले आणि २५ वर आलो तेव्हा पुन्हा पहिलीत बसलो.

---

कातळवेडा | ७ जानेवारी, दुपारी १२.३०

एकपदरी, मुद्दा बरोबर आहे, मी स्वतः २५ वरच चालतो. पण २५ चा पट्टा ताणायला कॅराबिनर (चढाईत वापरतात ती उघडमिट होणारी धातूची कडी), कप्पी, गाठी हे सगळं समजावं लागतं, शिकवणारा जवळ लागतो. केतकीताईंबरोबर नववीतला मुलगा आहे, शिकवणारं कोणी नाही. रॅचेटचा संच त्या दोघांना नीट लावता येईल. माझ्यासाठी निर्णय तिथे होतो.

---

एकपदरी | ७ जानेवारी, दुपारी १२.४५

शिकवणारं कोणी नसेल तर मान्य. मग रॅचेट नीट कसा लावायचा ते तरी सविस्तर लिहा, लोक तिथेच चुकतात.

---

कातळवेडा | ७ जानेवारी, रात्री ११.३०

लिहितो.

रॅचेट एका झाडाला, तोंड खाली करून. म्हणजे दांडा जमिनीकडे, कोणी त्यावर पडलं तर लोखंड लागत नाही. दुसऱ्या झाडाकडून आलेला पट्टा रॅचेटच्या मधल्या फिरत्या दांडीतल्या खाचेतून घालायचा आणि आधी हातानेच जितका ओढता येईल तितका ओढायचा. हे महत्त्वाचं आहे. हाताने न ओढता रॅचेट मारत बसलं की दांडीवर थरावर थर चढतात, पट्टा अडकतो आणि सोडवताना घाम निघतो. दांडीवर निदान दोन वेढे हवेत. पट्टा सपाट, मधोमध, कुठेही पीळ नाही. मग दांडा पुढे-मागे, कट कट कट. शेवटी दांडा पूर्ण मिटवून ठेवायचा, अर्धवट उघडा कधीही सोडायचा नाही. एक वेगळा दोर रॅचेटमधून घालून झाडाभोवती सैल बांधून ठेवा, काही तुटलंच तर लोखंड उडणार नाही.

सोडताना जास्त सांभाळायचं. खटका ओढून दांडा पूर्ण सपाट उघडला की सगळा ताण एका झटक्यात सुटतो, मोठा आवाज होतो. बोटं दांडीपाशी नकोत, चेहरा पट्ट्याच्या रेषेत नको, आणि पोरं लांब. मुलाला हे काम पहिल्या महिन्यात देऊ नका.

मुंबईत आणखी एक. खाऱ्या हवेने रॅचेटला गंज धरतो आणि उन्हाने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. वापरून झालं की सावलीत वाळवून पिशवीत. पट्ट्याच्या कडेला कुठे कापल्याची खूण, विरलेला धागा दिसला तर पट्टा बाद.

---

मल्लखांबी | ८ जानेवारी, सकाळी ८.२०

नववीतल्या मुलासाठी मल्लखांबाचा विचार का नाही केलात? दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं तो आपल्या मातीतला खेळ आहे. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात पुरलेला मल्लखांब आहे, दोरीचा आहे, आणि उदय देशपांडे सरांना २०२४ मधे पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे शिकवणारे आहेत, गाद्या आहेत, शिस्त आहे. झाडं आणि परवानग्या शोधत फिरण्यापेक्षा ते बरं, असं मला मनापासून वाटतं.

---

केतकी_गोरेगाव | ८ जानेवारी, रात्री १०.०५

मल्लखांबी, तुमचा सल्ला मनावर घेतलाय आणि लेकाशी बोललेही. तो म्हणाला, "आई, मल्लखांबाला तू येशील का?" मुद्दा तिथेच थांबला. हे आम्हाला दोघांना मिळून करायचंय. तो नववीत आहे, आणखी दोन-तीन वर्षांनी माझ्याबरोबर किती वेळ घालवेल माहीत नाही.

---

मल्लखांबी | ८ जानेवारी, रात्री १०.३०

मग माझं काहीच म्हणणं नाही. जरूर करा.

---

नवशिका_ठाणे | ११ जानेवारी, दुपारी ४.००

हे दोन डोंगरांच्या मधे पट्टा बांधून चालतात ते हेच का? व्हिडिओ बघून पोटात गोळा येतो.

---

एकपदरी | ११ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

त्याला हायलाइन म्हणतात. १९८५ मधे स्कॉट बाल्कम योसेमिटीतल्या लॉस्ट अ‍ॅरो सुळक्यावर असा चालला, तिथून ती वाट उघडली. कमरेला हार्नेस, त्याची दोरी पट्ट्यात ओवलेल्या कड्यांना बांधलेली, पट्ट्याखाली दुसरा जोडपट्टा. जुलै २०२४ मधे एस्टोनियाचा यान रूसे इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवर ३.६ किलोमीटरच्या पट्ट्यावर चालला आणि शेवटचे ८० मीटर राहिले असताना पडला. सुरक्षा-दोरीने लटकला, पुन्हा चढला आणि पलीकडे पोचला. विक्रमात धरलं गेलं नाही. मला त्या चालण्यातलं तेच सगळ्यात आवडतं, की पुन्हा चढला.

इथल्या चर्चेशी त्याचा संबंध एवढाच की तोही कधीतरी गुडघ्याएवढ्या पट्ट्यावर थरथरलाच असणार.

---

सईबाई | १२ जानेवारी, सकाळी ९.००

पण जागेचं काय झालं? मूळ प्रश्न तोच होता. ओव्हल, आझाद मैदान, शिवाजी पार्क, सगळीकडे क्रिकेट. माटुंग्याच्या पाच उद्यानांत (फाइव्ह गार्डन्स) झाडं आहेत पण सकाळी चालणाऱ्यांची गर्दी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर झाडांना काही बांधायचा विचारही नको. जुहूला वाळू आहे, पण बांधणार कशाला?

---

ओळंबा | १२ जानेवारी, सकाळी ११.३०

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधले आरसीसी खांब असा विचार काहींच्या मनात येईल, म्हणून आधीच लिहितो. खांब धडधाकट असेल तर एवढ्या ओढ्याने त्याला काही होणार नाही. पण खांबाचे कोपरे पट्टा कापतात, आणि खाली काँक्रीट. वाऱ्यावर यांचा अनुभव पुन्हा वाचा. जुन्या इमारतीत, जिथे प्लास्टर फुगलंय आणि सळ्या गंजल्यात, तिथे तर नकोच.

---

केतकी_गोरेगाव | १५ मार्च, रात्री ९.४५

मंडळी, दोन महिन्यांनी येतेय, क्षमस्व. सगळं सांगते.

जागा. आधी आम्ही उपनगरातल्या एका बागेत गेलो. पट्टा पिशवीतून काढला तेवढ्यात शिट्टी वाजली. परवानगी कुठे मागायची ते विचारायला तीन ठिकाणी गेले, प्रत्येकाने चौथं ठिकाण सांगितलं. लेक हिरमुसला. मग एका संध्याकाळी तोच म्हणाला, "आपल्या मागच्या बाजूची जांभळं?" आमच्या सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे दोन जुनी जांभळाची झाडं आहेत. बारा वर्षं तिथे राहतेय, त्यांच्याकडे कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं. अंतर मोजलं: साडेसात मीटर. खाली माती.

कमिटीत विषय मांडला. सेक्रेटरी काकांना दोन काळज्या होत्या, झाडं आणि कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची. पानगळ यांचा प्रतिसाद मी छापून नेला होता, तो त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. ओळंबांचा हिशोबही. मग अटी ठरल्या: शनिवार-रविवार सकाळी साडेसहा ते आठ, गोणपाट लावल्याशिवाय बांधायचं नाही, आठ वाजता सगळं सोडायचं, लहान मुलांबरोबर पालक हवेत, जबाबदारीचं पत्र सहीनिशी. मला सगळ्या रास्त वाटल्या.

पहिल्या दिवशी जमिनीतून अर्धी बादली विटांचे तुकडे आणि एक गंजलेला नळ निघाला. वाऱ्यावर, तुमची आठवण काढली.

आता चालणं. लेक दुसऱ्या रविवारी सहा पावलं गेला. माझी थरथर पाचव्या सकाळी गेली. मी वाट बघत होते की ती कधी जाते, आणि त्या दिवशी लक्षातच आलं नाही. उजव्या पायावर उभी होते, समोरच्या खोडावर एक मुंगळा चढत होता, तो गोणपाटाच्या कडेपाशी पोचेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. उतरल्यावर लेक म्हणाला, "आई, वीस सेकंद झाले." पाय हललाच नव्हता.

डावा पाय मात्र अजून ऐकत नाही. चार पावलं जमतात, पाचवं डाव्याचं असतं तिथे उतरते. कातळवेडा, यावर काही उपाय?

---

कातळवेडा | १५ मार्च, रात्री १०.२०

वा! आज झोप छान लागणार.

डाव्या पायासाठी: पुढचे दोन आठवडे पट्ट्यावर नेहमी डाव्या पायानेच चढा. आणि वळायच्या, मागे जायच्या मोहात पडू नका. पाऊल टाकताना टाच आधी नाही, बोटं आधी. बोटांनी पट्टा शोधा, मग भार द्या. पाचव्या पावलाला तुम्ही बहुतेक मधोमध पोचता, तिथे झोळ सर्वात जास्त. म्हणून एकदा दुसऱ्या झाडाकडून सुरुवात करून बघा. तिथूनही डाव्यालाच अडलं तर दोष पायाचा, नाहीतर जागेचा.

---

पानगळ | १६ मार्च, सकाळी ७.००

प्रतिसाद छापून नेलात हे वाचून सकाळ छान झाली. गोणपाट काढल्यावर दर महिन्याला सालीवरून हात फिरवून बघा. कुठे ओलसर, मऊ किंवा चकचकीत गुळगुळीत झालेली लागली तर पट्टा वीतभर वर-खाली सरकवा. आणि मे-जूनमधे जांभळं पडायला लागली की पट्टा जांभळा होईल, डाग जात नाहीत. पावसाळाभर मात्र बंद ठेवा, माती भिजलेली असताना मुळांवर ओढा नको.

---

केतकी_गोरेगाव | २२ मार्च, सकाळी ९.१०

आज उलट बाजूने सुरुवात केली, डाव्या पायाने चढून. त्यामुळे पाचवं पाऊल उजव्याचं येतं, तरी तिथेच अडले. म्हणजे दोष जागेचा निघाला, डाव्या पायावर मी उगाच रागावले होते. मग झोळात थांबून तीन श्वास घेतले आणि पुढे गेले. सात पावलं.

---

वाऱ्यावर | २२ मार्च, सकाळी ९.३५

सात! केतकीताई, मी मालाडला राहते. पुढच्या रविवारी येऊ का? माझं गोणपाट घेऊन येते.

---

केतकी_गोरेगाव | २२ मार्च, सकाळी ९.४०

या ना. साडेसहाला मागच्या गेटपाशी. कांदेपोहे माझ्याकडे.